५८ रुपयांचा दर, ३२ मिलिमीटरचा गिलावा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जनकगंजाच्या बाजूच्या एका पाच फुटी गल्लीतलं दगडी घर. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली आणि तिचंच पुढे शहर झालं. त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत अशी घरं ओळीने उभी राहिली. बाहेरून इथलाच वालुकाश्म घडीव, आतून अनघड दगड, मधे चुना-मातीचा भराव. छत पटियांचं, म्हणजे लांब दगडी फरशांचं. पुढे बैठक, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर. डावी भिंत शेजाऱ्याशी सामाईक, उजवी बोळाकडे.

आतून कधीतरी सिमेंटचा गिलावा झालेला होता. आता बैठकीत साडेचार फुटांपर्यंत पोपडे, त्यावर लोणा, म्हणजे भिंतीतून फुटलेल्या क्षारांची पांढरी रेघ, आणि ठोकून पाहिलं तर निम्म्या भिंतीचा आवाज पोकळ. घरमालकाने ठेकेदाराला बोलावलं. त्याने टेप लावला, तीन खोल्यांच्या भिंती १४४९ चौरस फूट मोजल्या आणि जुना गिलावा काढून नवं सिमेंट करायला सरसकट ५८ रुपये फूट सांगितले. म्हणजे ८४,००० रुपये आणि ‘पंधरा दिवसांत काम खलास’.

मोजमापात त्याची चूक फारशी नव्हती. चूक होती ती मोजमाप फुटात आणि तेवढंच धरण्यात. विटांच्या सरळ भिंतीवर १२ मिमी गिलावा म्हणजे १२ मिमीच लागतो, म्हणून तिथे चौरस फुटाचा दर चालतो. अनघड दगडाच्या भिंतीत एका हाताच्या अंतरावर दगड पुढे येतो नि मागे जातो. तिथे माल आणि मजुरी ठरते ती जाडीवर.

मोजणी

बैठक १४ × ११, माजघर १२ × ११, स्वयंपाकघर १० × ११ फूट, उंची साडेदहा. परिघांची बेरीज १३८ फूट, म्हणून ढोबळ क्षेत्रफळ १४४९. दारं-खिडक्या पूर्ण वजा केल्या: पुढचं दार ४ × ७, मागचं ३ × ६.५, खोल्यांमधली दोन दारं दोन्ही तोंडांनी, आणि ३ × ४ च्या तीन खिडक्या. वजावट १६१ चौरस फूट.

आता खिडकीकडे जवळून पाहू. भिंत २२ इंच जाड, चौकट बाहेरच्या अंगाला बसवलेली, आतली खोबण, म्हणजे चौकटीपासून भिंतीच्या आतल्या तोंडापर्यंतची खोली, १५ इंच. दोन बाजू, माथा आणि तळ मिळून १४ फूट लांबी गुणिले सव्वा फूट, म्हणजे साडेसतरा चौरस फूट. खिडकीचं भोक मात्र १२ चौरस फुटांचंच. गिलाव्याच्या मोजणीचं भारतीय मानक १२००, भाग १२ मध्यम आकाराच्या उघड्या जागांना वजावटीत सवलत देतं आणि त्याबदल्यात खोबणी मोजत नाही. नऊ इंची भिंतीत हा सौदा बरोबर जमतो. बावीस इंचीत गवंड्याचं नुकसान होतं, आणि नुकसान झालेला गवंडी कोर (खोबणीची कड) कशी ओढतो ते नंतर भिंतीवर दिसतंच. म्हणून इथे सगळी भोकं पूर्ण वजा केली आणि सगळ्या खोबणी प्रत्यक्ष मोजल्या: १३२ चौरस फूट. सात कोनाड्यांच्या आतल्या कडा आणखी ३७. शेवटचा आकडा १४५७. ढोबळ बेरजेच्या जवळ आला हा योगायोग, पण त्यातले १६९ फूट हे सगळ्यात सावकाश होणारं काम आहे.

क्षेत्रफळाचे दोन गट केले. ‘अ’ म्हणजे गल्ली, बोळ आणि मागचं अंगण यांच्याकडच्या बाहेरच्या भिंती, ६२० चौरस फूट. ‘ब’ म्हणजे सामाईक आणि मधल्या भिंती, ८००. कोनाडे वेगळे, नगावर.

जाडी दोरीने काढली. गिलावा काढून सांधे खरवडल्यावर भिंतीच्या दोन टोकांना खिळे मारून, ओळंब्यात, सगळ्यात पुढे आलेल्या दगडापासून ८ मिमी सोडून दोरी ताणली. मग दर दोन फुटांवर उभं-आडवं पट्टीने अंतर घेतलं. ‘अ’ची सरासरी ४२ मिमी निघाली, ‘ब’ची २४. एखादा दगड फारच पुढे आला असेल तर त्याच्यासाठी सगळी भिंत जाड करू नये. तो छिन्नीने थोडा उतरवावा किंवा गिलावा त्याच्यावरून हलका लहरू द्यावा. ओळंब्यातली सपाट भिंत हा विटांच्या घराचा हट्ट आहे. इथे तो धरला तर दर मिलिमीटरला पैसे पडतात.

घनफळ असं: ‘अ’ ८५ घनफूट, ‘ब’ ६३, कोनाडे अडीच. एकूण १५१, म्हणजे सरासरी सुमारे ३२ मिमी. ठेकेदाराच्या १२ मिमीने ते ५७ घनफूट झालं असतं. उरलेला माल एकतर त्याच्या खिशातून गेला असता, किंवा कमी सिमेंट घालून दिला गेला असता. यातलं दुसरं घडण्याची शक्यता जास्त.

सिमेंट का नको

वालुकाश्म आणि चुन्याचा सांधा पाणी शोषतात आणि सोडतात. गल्लीवर थरावर थर काँक्रीट चढत गेलं, त्यामुळे रस्ता आता बैठकीच्या जमिनीपेक्षा नऊ इंच वर आहे. पाणी भिंतीत शिरणारच. आतून सिमेंट लावलं की त्याला बाहेर पडायला जागा उरत नाही, ते वर चढत राहतं. जिथे वाट सापडते तिथे ते सुकतं, क्षार तिथे स्फटिक होऊन बसतात आणि गिलावा मागून ढकलतात. साडेचार फुटांवरची रेघ त्यामुळेच. नवं सिमेंट लावलं असतं तर ती आणखी वर गेली असती.

म्हणून चुना. पण पाण्याची वाट तशीच ठेवून चुना लावणं हाही पैशाचा नासच. इथे तीन वाटा होत्या. छताची पन्हळ बोळाकडे फुटलेली होती. स्वयंपाकघरातल्या मोरीचा सांधा भिंतीतच गळत होता. आणि तिसरा तो उंचावलेला रस्ता. पहिल्या दोन दुरुस्त होतात. रस्ता घरमालकाच्या हातात नाही.

वर्षाचं वेळापत्रक

ग्वाल्हेरात गिलाव्याचं काम ऋतूवर बांधावं लागतं. मे-जूनची लू, म्हणजे तापलेला वारा, ताजा चुना दोन तासांत सुकवते. सुकलेला चुना म्हणजे पक्का झालेला चुना नव्हे. पक्का व्हायला त्याला ओल आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड दोन्ही आठवडेच्या आठवडे लागतात. पावसाळ्यात भिंत ओली असते, आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत व धुक्यात थर उठतच नाही, म्हणजे पुढचा थर घेण्याइतका घट्टच होत नाही.

त्यामुळे सिमेंट काढायचं काम एप्रिलच्या शेवटी घेतलं. उघडी भिंत लूमध्ये सुकू दिली. जो उन्हाळा गिलाव्याचा वैरी, तोच वाळवणीला फुकटचा मजूर. पन्हळ आणि मोरी मे महिन्यात दुरुस्त केली. मग पावसाळाभर भिंत तशीच उघडी ठेवली. यात मोठा फायदा आहे: उघड्या दगडावर पाणी कुठून येतं ते खडूने खुणा करून दिसतं. बोळाकडच्या भिंतीत माजघराच्या खिडकीखाली एक ओला पट्टा जुलैत असाच सापडला. बाहेरची दरज, म्हणजे दगडांमधला सांधा, फुटलेली होती. गिलाव्याखाली ती कधीच कळली नसती.

घरच्यांची हरकत एकच होती: ‘गणपती काय उघड्या दगडांत बसवायचा?’ बैठक आधी उरकून घ्या, असा आग्रह झाला. तो मानला असता तर बैठकीचा गिलावा जूनच्या उन्हात लागला असता आणि त्यावर पावसाळा गेला असता. सतरंज्या नि साड्यांचा पडदा ताणून भागवलं.

गिलावा दसऱ्याच्या आसपास सुरू, नोव्हेंबरअखेर पूर्ण. दिवाळीपर्यंत घर सजलेलं मिळेल असं कोणत्याही घरमालकाला सांगू नये.

चुना आणि माल

कळीचा, म्हणजे भाजलेला पण अजून न विझवलेला चुना कटनीचा, १२ क्विंटल. तो मार्चमध्येच भिजवला. चुना आधी घेतला म्हणजे पैसे अडकतात हे खरं, पण भिजवल्यावर महिनाभर तरी मुरल्याशिवाय तो भिंतीवर नेऊ नये. न विझलेला कण गिलाव्यात गेला तर तो दोन-तीन महिन्यांनी विझतो, फुगतो, आणि भिंतीवर वाटाण्याएवढी टोपी उडते. ताज्या चुन्याच्या कामात दिसणारे फोड बहुधा हेच.

भिजवताना आधी पाणी, मग त्यात चुना, थोडा थोडा. उलटं केलं तर तो उसळतो. डोळ्यांना चष्मा हवाच. हे लोखंडी टाकीत किंवा विटांच्या हौदात करावं. प्लास्टिकचं पिंप त्या उष्णतेत मऊ पडतं. निवल्यावर जाळीतून गाळून २०० लिटरच्या पिंपांत भरून ठेवला आणि वर बोटभर पाणी राखलं. गाळणीत राहिलेले खडे वजा जाता सुमारे ६४ घनफूट मुरलेला चुना हाती आला: नऊ पिंपं भरून दहाव्यात थोडासा.

रेती सिंध नदीची, १५० घनफूट. चंबळची स्वस्तात देतो म्हणणारा भेटेल, पण ती अभयारण्यातली, तिचा उपसा बेकायदा आहे. मुठीत दाबून सोडल्यावर तळहाताला माती चिकटली तर रेती धुवून घ्यावी, कारण मातीची रेती चुन्याला भेगा पाडते.

‘ब’ भिंतींना एक चुना, तीन रेती. मुरलेला चुना रेतीच्या कणांमधल्या पोकळीत बसतो, त्यामुळे तीन घमेली रेती नि एक घमेलं चुना मिळून मालही तीनच घमेली होतो. सिमेंटच्या सवयीने चार धरणारे इथे फसतात. ‘अ’ भिंतींना एक चुना, एक सुरखी (विटांची भुकटी), दोन रेती. सुरखी कमी भाजलेल्या विटांची घेतली. ओलीतही चुन्याला धरून ठेवते ती हीच, खंगर, म्हणजे जास्त भाजलेल्या, विटांच्या भुग्यात तो गुण नसतो. सुरखी ३५ घनफूट लागली. खालच्या थरांत तागाचे इंचभर तुकडे घातले.

वरून पाणी घालून माल सैल करू नये. मळून, बडवून तो आपोआप सैल होतो. साध्या ड्रम मिक्सरात याचे गोळे होतात, म्हणून हाताने बडवला. गवंड्यामागे दीड बिगारी लागतो तो याचसाठी.

काम

सिमेंट छिन्नी-हातोड्यानेच काढलं. विजेच्या हातोड्याने लवकर होतं खरं, पण सिमेंट इथल्या दगडाहून कडक असल्यामुळे त्याच्याबरोबर दगडाचं तोंडही निघतं. एक बिगारी दिवसाला ६५ चौरस फूट. १३०० फुटांना २० दिवस. मेलेले सांधे इंचभर खोल खरवडायला आणखी १२. लोणा कोरड्या ब्रशने झाडून गोणीत भरून बाहेर काढला. पाण्याने धुतला तर तो विरघळून परत भिंतीत जातो.

मलबा सैल होऊन १६० घनफुटांच्या वर गेला, सांध्यांची माती धरून तीन ट्रॉल्या. गल्लीत ट्रॅक्टर येत नाही. सगळं घमेल्यांनी नाक्यापर्यंत. या वाहतुकीचे सहा बिगारी पहिल्या भावात कुठेच नव्हते, आणि गल्लीतल्या घरात ही चूक नेहमीच होते.

गिलाव्याआधी विजेच्या नळ्या आणि डबे बसवून घेतले. वायरमन डबे पीओपीने पक्के करतो. ओलसर भिंतीत ते पीओपी पाणी धरून ठेवतं, म्हणून त्याला तिथे चुन्याचाच माल दिला.

भिंत आदल्या संध्याकाळी भिजवली, सकाळी पुन्हा. ४० मिमीहून खोल खड्ड्यांत नुसता माल भरला नाही, दगडाच्या चिपा मालात ठोकून बसवल्या. मग माल थापीने फेकून मारला. लिंपून लावला तर दगडामागे हवा अडकते. एका थराला १२ ते १५ मिमी, त्याहून जास्त नाही. ‘अ’ला खड्डे भरण्याचा एक, सपाटीचे दोन आणि वर ३ मिमी संदला, म्हणजे शेवटचा गुळगुळीत थर. ‘ब’ला एक थर कमी.

पुढचा थर कधी? नखाने दाबून खूण उमटते पण नख आत रुतत नाही, तेव्हा. ऑक्टोबरात हे सात-आठ दिवसांनी येतं. मधल्या काळात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बारीक भेगा येतात. त्या दिसल्या की घाबरून वरून लेप देऊ नये. माल अजून दबतो तोवर रंध्याने जोर देऊन त्या बंद करायच्या आणि मग तिरक्या रेघा ओढून ठेवायच्या. बारदान ओलं करून भिंतीपुढे टांगलं, दिवसातून तीन-चार वेळा फवारा. बारदान भिंतीला चिकटू द्यायचं नाही.

तीन खोल्या असल्यामुळे थांबायचा वेळ वाया गेला नाही. बैठक उठेपर्यंत स्वयंपाकघर. पण चार गवंडी लावून काम निम्म्या वेळात होत नाही, थर त्याच्या वेळेनेच उठतो. दोनच गवंडी ठेवले.

गल्ली आणि बोळाच्या अंगाला खालच्या पाच फुटांत, सुमारे २१५ चौरस फुटांवर, संदला दिलाच नाही. तिथे जाड रेतीचा उघडा पोत ठेवला आणि त्यावर नुसता पातळ चुन्याचा हात. हा पट्टा क्षार खाऊन काही वर्षांनी भुगा होणार आहे आणि तो बदलायचा आहे, हे कागदावर लिहून घेतलं. रस्ता उंच आहे तोवर दुसरा उपाय नाही. बाकी भिंतींना सफेदीचे पाच पातळ हात. इथे ॲक्रिलिक पुट्टी किंवा प्लास्टिक पेंट लावला असता तर पुन्हा सिमेंटसारखंच तोंड बंद झालं असतं.

पैसा

दर हिशेबापुरते धरले आहेत, वाचकाने आपल्या नाक्यावरचे घालावेत. दिवस आणि माल मात्र हेच राहतील. गवंडी ९०० रुपये रोज, बिगारी ५५०.

गवंड्याचे दिवस: ‘अ’ला खड्डे भरताना रोज ७० चौरस फूट, सपाटीच्या थरांना ८०, संदल्याला ९०. मिळून ३१. ‘ब’ला प्रत्येक थर ९० च्या वेगाने, २७. कोरी आणि खोबणींना जादा ६. कोनाडे दिवसाला दोन, साडेतीन. एकूण ६८ दिवस, ६१,२०० रुपये. बिगारी मळण्यासाठी १०२, तोडायला २०, सांध्यांना १२, वाहतुकीला ६. एकूण १४० दिवस, ७७,००० रुपये.

चुना १०,८००. रेती ८,२५०. सुरखी १,५७५. संगमरवराची भुकटी, ताग वगैरे ३,५००. घोड्या, फळ्या, पिंपं, चाळण्या, बारदान ९,०००. मलब्याच्या ट्रॉल्या ४,५००. बेरीज १,७५,८२५.

यात मजुरी सुमारे ७९ टक्के आणि माल १४ टक्के. चुन्याच्या भावात घासाघीस करून हजारभर रुपये सुटतील. गवंडी दोन दिवस रिकामा बसला तर त्याहून जास्त त्याच्याच रोजात जातात, बिगाऱ्यांचे वेगळेच.

अनपेक्षित कामासाठी १० टक्के, त्यावर ठेकेदाराची देखरेख आणि नफा १२ टक्के. एकूण २,१६,६०० रुपये, म्हणजे १४९ रुपये फूट.

५८ आणि १४९ हे आकडे शेजारी ठेवले की घरमालक दचकतोच. हात आखडायचा तर जाडीत आखडू नये. ‘अ’ भिंती या वर्षी, ‘ब’ पुढच्या वर्षी अशी फोड चालते. माजघराच्या मधल्या भिंतीचे दगड चांगले असतील तर ती गिलाव्याशिवाय, नुसती दरज भरून ठेवता येते. बाहेरच्या घडीव दगडावर तर गिलावा करूच नये.

करारात सरसकट दर लिहिला नाही. गटवार जाडी लिहिली आणि प्रत्येक वाढीव १० मिमीला फुटामागे २७ रुपये. त्यात मजुरी साडेएकवीस, बाकी माल. अंतिम मोजणी भिंत उघडल्यावर, दोघांनी मिळून दोरी धरून. ती होईपर्यंतचा भाव अंदाज समजायचा. पैसे टप्प्यांनी: चुना आणताना १० टक्के, तोडकाम आणि दोरीची मोजणी झाल्यावर २०, खालचे थर उठल्यावर ४०, संदला झाल्यावर २५.

उरलेले ५ टक्के पुढच्या सप्टेंबरअखेरपर्यंत राखले. तेव्हा गिलावा लाकडी मुठीने ठोकून पाहायचा: माजघराच्या खिडकीखाली, मोरीच्या मागे, पन्हळीच्या कोपऱ्यात. खालचा पाच फुटी पट्टा भुगा झाला असेल तरी तो दोष धरायचा नाही. त्याच्या वर कुठे पोकळ वाजलं, तर तेवढा तुकडा कापून पुन्हा भरायचा.